शाळा सुटल्यावर जरा थांब

दापोली तालुक्यातल्या पालगडला २४ डिसेंबर १८९९ रोजी साने गुरुजींचा जन्म झाला, त्यामुळे आमच्या शाळेत डिसेंबर महिना त्यांच्या आठवणींचा असे. अंमळनेरच्या छात्रालयात ते मुलांची अंथरुणे, कपडे, खोल्या स्वतः नीट करीत, हे आम्हांला दरवर्षी सांगितले जाई आणि दरवर्षी मला माझ्याच शाळेतले गुरुजी आठवत. दहावीच्या निकालात कोकण विभाग पुढे असतो, त्याचे कौतुक होते आणि व्हावेही. पण एखाद्या मुलाचे मन कोणी सांभाळले, ते गुणपत्रिकेत कुठेच उमटत नाही. म्हणून हे आवाहन. आपल्या शिक्षकाने नेमके काय केले आणि ते आज आपल्या जगण्यात कुठे टिकून आहे, ते लिहावे. आरंभ मी करतो, आणि पुढे गावोगावच्या इतरांनी लिहिलेले अनुभव आहेत.

माझे वडील मुंबईत गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या विभागात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्या पावसाळ्यापूर्वी ते गावी परतले, ते कायमचेच. मी पाचवीत होतो. मनीऑर्डर थांबली हे सगळ्या वाडीला ठाऊक होते. वडिलांचे बोलणेही थांबले होते, हे मात्र घराबाहेर कोणालाच ठाऊक नव्हते. मी वर्गात उत्तरे देईनासा झालो. गुरुजींनी चारचौघांत एका शब्दानेही विचारले नाही. "शाळा सुटल्यावर जरा थांब, नकाशे गुंडाळायचे आहेत," एवढेच ते म्हणाले. नकाशा गुंडाळताना दोघांचेही डोळे नकाशावर असतात आणि बहुधा त्यामुळेच मला बोलता आले. आठवड्याभराने ते आमच्या पडवीत येऊन वडिलांना म्हणाले, "मुलांना कापडधंद्याचा धडा आहे आणि मी साचा कधी पाहिलेला नाही. तुम्ही येऊन सांगाल का?" वडील धुतलेला सदरा घालून फळ्यासमोर उभे राहिले. उभे धागे कोणते, आडवे कोणते, धोटा कसा धावतो, एक धागा तुटला की कामगाराचा हात आपोआप कुठे जातो, हे त्यांनी तासभर सांगितले. मुलांचे प्रश्न संपेनात. त्या रात्री जेवताना ते आईशी बोलले. परिस्थिती त्यानंतरही बिकटच होती, पण घरातली ती शांतता पुन्हा तशी परतली नाही. माझ्या हाताखालचा एखादा माणूस गप्प झाला की मी आजही आधी त्याच्याबरोबर करण्याजोगे एखादे काम काढतो आणि मग थांबतो.

*मिरकरवाडा, रत्नागिरी*

नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळात बाबा ज्या होडीवर होते ती परत आली नाही. मी सातवीत होते. ज्याचा काहीच ठावठिकाणा लागत नाही, त्याला मृत मानण्यासाठी कायदा साधारणपणे सात वर्षांची मुदत धरतो, हे मला पुढे कळले. तेव्हा एवढेच कळत होते की आई कुंकू लावावे की नाही या प्रश्नाने रोज सकाळी आरशासमोर अडते. शेजारी दोन प्रकारचे होते. काही म्हणत, "येतील गं," आणि काही म्हणत, "आता मन घट्ट कर." दोन्ही ऐकवत नसे.

आमच्या बाईंनी यांतले काहीच म्हटले नाही. एकदा शाळेत एक अर्ज भरायचा होता आणि त्यात पालकांची माहिती होती. बाईंनी मला स्टाफरूममध्ये बोलावले, दार लोटून घेतले आणि विचारले, "इथे काय लिहू? तू सांगशील तेच लिहिते, आणि पुढच्या वर्षी तुला वेगळे लिहावेसे वाटले तर वेगळे लिहू." मी म्हटले, "मासेमारी." त्यांनी नीट अक्षरात "मासेमारी" लिहिले. पुढची तीन वर्षे त्यांनी तो प्रश्न दरवर्षी मलाच विचारला. दहावीच्या वर्षी मी "नाहीत" असे सांगितले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला हवे तितके रडू दिले.

आज मी परिचारिका आहे. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या माणसांना धीराची वाक्ये ऐकवण्याआधी मी त्यांना कोणता शब्द पेलवेल ते पाहते, आणि हे मला कोणत्याही प्रशिक्षणाने शिकवलेले नाही.

*कुडाळ*

माझा अनुभव लहानच आहे. पहिलीत मी "माका कळूक नाय" म्हणालो आणि वर्ग हसला. त्यानंतर मी काही महिने वर्गात तोंडच उघडले नाही. दुसरीत नव्या बाई आल्या. त्यांनी फळ्यावर एका बाजूला "मला कळले नाही" आणि दुसऱ्या बाजूला "माका कळूक नाय" लिहिले, आणि दोन्ही वाक्ये आम्हां सर्वांकडून सारख्याच मोठ्या आवाजात म्हणवून घेतली. घरची भाषा खालची नाही, हे सहा-सात वर्षांच्या मुलाला फळ्यावर पाहायला मिळणे किती मोठे असते, हे मालवणी घरातल्या मुलांना वेगळे सांगायला नको.

*गुहागर*

मी अडखळत बोलतो. माध्यमिक शाळेतल्या एका शिक्षकांनी मला उभे करून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लावली होती. शब्द निघेना तेव्हा छडी मिळाली. मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई केली आणि तो कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. माझी शाळा त्याच्या कितीतरी आधी संपली होती. पण त्याच शाळेत मराठीचे दुसरे एक सर होते. त्यांनी वर्गात नियमच केला की यापुढे प्रकट वाचन जोडीनेच होईल, सगळ्यांचे. माझ्या एकट्यासाठी काही केल्याचे त्यांनी दिसू दिले नाही. जोडीदाराच्या आवाजात आवाज मिसळला की माझे शब्द अडत नसत. एकत्र वाचताना अडखळणे बहुधा कमी होते, हे वाचा-उपचारतज्ज्ञांकडून मला चाळिशीत कळले. सरांना ते ठाऊक होते की त्यांनी केवळ निरखून ओळखले होते, हे विचारायला आता ते नाहीत. मी ग्रामसभेत बोलतो. अडखळतो आणि बोलतो.

*चिपळूण*

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी आमच्या घरात शिरले तेव्हा मी आठवीत होतो. आम्ही माळ्यावर रात्र काढली. चिखल काढून झाला, वह्या नव्या मिळाल्या, पण पुढे कित्येक महिने कौलांवर पावसाचा आवाज आला की मला झोप लागत नसे आणि हे सांगायची लाज वाटे. विज्ञानाच्या मॅडमनी वर्गाला सरळच विचारले, "पाऊस वाजला की जाग कोणाला येते? मलाही येते." पंधरा-सोळा हात वर झाले. मग त्यांनी आम्हांला सरळ उभ्या बाजूंची बरणी उघड्यावर ठेवून रोज सकाळी आठ वाजता पट्टीने पाणी मोजायला आणि मिलिमीटरमध्ये नोंदवायला सांगितले. ज्याच्या आवाजाने मी उठून बसत असे, त्याच्या आकड्याची मी सकाळी वाट पाहू लागलो. माझ्या एका मित्राला एवढ्याने बरे वाटले नाही. त्याच्या आईवडिलांना मॅडमनी समजावले आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, तेही महत्त्वाचे होते असे मला वाटते. आता मनाच्या त्रासात फोनवर मदत देणाऱ्या टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तेव्हा तो नव्हता. माझी नोंदवही अजून चालू आहे.

*मुरूड तालुका, रायगड*

मी कातकरी वाडीतली. दिवाळी झाली की आईवडील कोळशाच्या भट्टीवर जात आणि आम्ही मुले त्यांच्याबरोबर. परतायचे ते पावसाच्या तोंडाशी. परत आल्यावर शाळेत जायची भीती वाटे, कारण तोवर सगळे पुढे गेलेले असत आणि आपली जागा दुसऱ्या कोणाची झालेली असे. तिसरीच्या वर्गात गुरुजींनी भिंतीवर दप्तरांसाठी खुंट्या ठोकल्या होत्या आणि प्रत्येक खुंटीवर नाव होते. मी सात महिन्यांनी आले तेव्हा माझी खुंटी रिकामी होती. वर्गात मुले खुंट्यांपेक्षा जास्त होती, तरीही ती रिकामी होती. गुरुजी म्हणाले, "उशीर झाला नाही. भट्टीवर काय काय पाहिलेस, ते आधी सांग."

मी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पट, माहितीचे तक्ते, सर्वेक्षणे यांत दिवस जातो आणि एकेका मुलाकडे पाहायला वेळ अपुरा पडतो, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. शिक्षकाच्या मायेवर सगळा भार टाकणे योग्य नाही, समुपदेशक शाळेपर्यंत पोहोचायला हवेत. पण खुंट्यांना वेळ लागत नाही. या जूनमध्ये माझ्या वर्गातली एक मुलगी आली, दारात घुटमळली, तिने भिंतीवरची नावे एकेक करून वाचली आणि दप्तर अडकवले.