प्रतिसाद: हेल्मेटवर एकच लाईट पुरेल काय?

बेळगावजवळच्या राजहंसगडाच्या कच्च्या वाटेला रात्री सायकल चालवायला हेल्मेटवर १००० लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) एकच लाईट पुरेल काय विचारलाय न्हवं, उजेड पुरतोय ओ, पण डोळ्याजवळनं पडतोय म्हणून दगडाची सावली दिसत नाही, खड्डा पण सपाटच वाटतोय. मेन लाईट हँडलला लावा, रुंद बीमचा, आणि हेल्मेटला ४००-५०० चा हलका, वळणावर मान फिरवली की तिकडं उजेड. पावसाळ्यात जांबोटीकडं धुकं असलं की हेल्मेटचा बंदच करा, नुसतं पांढरं दिसतंय समोर. चढाला लो मोड, उताराला फुल, बॅटरी पुरते. समोरनं कोण आलं तर मात्र लाईट खाली करा की, बिचाऱ्याला काय पण दिसत नाही.