‘टॅनिन झाडाचंच, जास्त गेलं तरी चालतं’ म्हणणाऱ्यांना

गव्हाण: काल कुणीतरी इथे लिहिलं, ‘टॅनिन नैसर्गिक आहे, मूठभर जास्त गेलं तरी अपाय नाही, दूध वाढणारच.’ राहवलं नाही म्हणून लिहितो. टॅनिन म्हणजे झाडांच्या सालीपानांतलं तुरट द्रव्य, त्याची पूड गाईच्या खुराकात घालतात. ओकची कोवळी पानं आणि हिरवी फळंही नैसर्गिकच, त्यातल्या टॅनिनने गाईची मूत्रपिंडं जातात. टॅनिन कोटीपोटात, म्हणजे गाईच्या पहिल्या पोटात, प्रथिनाला चिकटतं, चौथ्या पोटातल्या आम्लात सुटतं. प्रथिन कोटीपोटातल्या जंतूंच्या हाती न लागता आतड्यात पोचतं. बायपास म्हणतात ते हेच. पण खाण्यातल्या एकूण शुष्क पदार्थाच्या (पाणी वगळून उरतं त्याच्या) साधारण ५ टक्क्यांवर गेलात की गाय खाणं कमी करते. माझी गाय दाण्यात तोंड घालायची, नाक फुरफुरवून मागे सरायची. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं.

रवंथ: मात्रा तुम्ही चुकवलीत आणि दोष टॅनिनला? मी थोडं थोडं वाढवत नेलं, गाय कुरकुरली नाही. गोठ्यात पहाटे डोळे चुरचुरायचे, ते थांबलं. प्रथिनातलं नत्र मूत्राऐवजी शेणातून जातं, म्हणून मूत्रातल्या युरियापासून होणारा अमोनिया वायू कमी.

गव्हाण: कोणतं टॅनिन दिलंत? चेस्टनट झाडाचं आणि क्वेब्राचो झाडाचं एक नाही.

शेणखत: दोघंही मूळ सोडून बोलताय. मूत्रात एवढा युरिया येतोच का? गरजेपेक्षा जास्त प्रथिन चारता म्हणून! मी खुराकातलं प्रथिन १८ वरून १६ टक्क्यांवर आणलं. दूध तेवढंच, दुधातला युरिया खाली. आधी पेंड कोंबायची, मग ती अडवायला पूड घालायची, याला काय अर्थ आहे?

रवंथ: तुमच्या गाई किती दूध देतात? माझी ताजी व्यालेली, भरपूर दुधाची गाय १६ वर महिनाभरात हाडं दाखवायला लागली. दुसऱ्याच्या गोठ्यावर निकाल देऊ नका.

शेणखत: निकाल नाही, हिशोब सांगतोय. दुधातला युरिया तपासला होता का? प्रथिन जास्त जातंय का ते त्यावरून कळतं. मला सल्लागाराने वर्षभर ‘प्रथिन वाढवा’ एवढंच सांगितलं, तपासणीचं नाव नाही. गाय भाकड राहिली तेव्हा सगळे गप्प. राग त्याचा आहे.

रवंथ: नव्हता तपासला. आणि गाईच्या ढेकरेतला मिथेन वायू घटतो त्याचं काय?

गव्हाण: घटतो, पण बऱ्याचदा चाऱ्यातला तंतूच कमी पचतो म्हणून. तो फायदा धरायचा कसा? अमोनियाचं मात्र मान्य. ‘दूध वाढणारच’ हे अजिबात नाही.

रवंथ: दूध माझंही वाढलं नाही. तेवढंच होतं. उद्या नमुना देतो तपासायला.