ग्रँट रोडचा मेरवान खरंच बंद होतोय का?

गल्ली_नं_शेवटची (२२ मार्च २०१४)

मंडळी, कालपासून व्हॉट्सॅपवर एकच फॉरवर्ड फिरतोय, ग्रँट रोड स्टेशनसमोरचा बी. मेरवान, तोच मावा केकवाला इराणी कॅफे, ३१ मार्चला कायमचा बंद होणार म्हणून. पेपरातपण काहीतरी आलंय म्हणे. ३१ मार्च आणि लगेच १ एप्रिल हे बघून मला आधी वाटलं कोणीतरी येडा बनवतंय, पण आमच्या सासूबाईंना शेजारणीनेही तेच सांगितलं आणि त्यांचं तोंडच उतरलं. त्यांचं माहेर नाना चौकातलं, त्यामुळे मावा केक हा शब्द काढला की पुढचा अर्धा तास त्यांचा.

१९१४ ची स्थापना आहे, म्हणजे यंदा बरोब्बर शंभर वर्षं. शंभरीच्या वर्षी लोक पेढे वाटतात, हे शटर ओढतायत? कोणी रोज त्या बाजूला उतरणारं असेल तर प्लीज खरं काय ते सांगा. आणि ३१ ला पाडवा आहे, त्या दिवशी चालू असेल का? आम्ही आता बोरिवलीला राहतो, सासूबाईंना घेऊन यायचं तर गुडघ्यांचा हिशोब करून यावं लागतं.

---

सोल्डरिंगवाला (२२ मार्च)

मी लॅमिंग्टन रोडला दुकानात आहे, सकाळी माल उतरवायचा असला की लवकर येतो आणि आधी मेरवानकडेच जातो, तेव्हा आँखो देखा हाल सांगतो. बातमी खरी दिसतेय. वेटरला विचारलं तर म्हणाला सेठ लोग वैसाच बोलते है. गल्ल्यावर विचारायची सोय नाही कारण गल्ल्यासमोर एवढी गर्दी की पैसे पण हात लांब करून द्यावे लागतायत.

आणि गर्दी कसली तर बॉक्सवाल्यांची. दोन डझन द्या, चार डझन द्या, मोबाईल वर करून फोटो, कोणी त्या काळ्या लाकडी खुर्चीचा, कोणी आरशाचा, एक जण तर बेसिनचा काढत होता. आमचे रोजचे टॅक्सीवाले बाहेर उभे, त्यांना बसायला टेबल नाही. त्यांना बिचाऱ्यांना चहा आणि ब्रून मस्का (कडक पावाला लोणी) एवढंच पाहिजे असतं, चहात बुडवून खाल्लं, पैसे ठेवले, निघाले, दहा मिनिटांचं काम. आज एक चाचा म्हणाला, "ये सब लोग अब तक किधर थे?" मी गप्प बसलो, माझ्यापण हातात बॉक्सच होता, बहिणीने सांगितलेला.

मावा केक पाहिजे असेल तर उजाडताना या. एरवीच तो लवकर संपतो, आता तर विचारूच नका.

---

कडक_पाव (२३ मार्च)

चाचा बरोबर बोलले. मला एक सांगा, इथे जे जे रडणार आहेत (आणि रडणार आहेत, थांबा जरा, अजून धागा लहान आहे) त्यातले किती जण गेल्या वर्षभरात एकदा तरी तिथे गेलेत? ऑफिसजवळ एसीत बसून शंभर रुपयांची कॉफी पिणार आणि इराणी बंद होतोय म्हटलं की आपली संस्कृती चालली. संस्कृती चहाच्या गल्ल्यावर चालते हो, तुमच्या आठवणींवर लाईटबिल निघत नाही.

धोबीतलावचा बास्तानी हा इराणी २००४ ला गेला तेव्हा पण हेच. समोर दुसरा इराणी क्यानी आहे ना, मग चालतंय की, असं म्हणून लोक तिकडे वळले. काळ्या घोड्याचं वेसाइड इन गेलं, खोताच्या वाडीतलं अनंताश्रम गेलं. दर वेळी आठवडाभर हळहळ आणि मग तिथे दुसरं काहीतरी उभं राहतं आणि आपण त्यात जाऊन बसतो.

---

गल्ली_नं_शेवटची (२३ मार्च)

@कडक_पाव, मी गेल्या वर्षी दोनदा गेले होते, आता बोला :) पण मुद्दा कळला. तरी वाईट वाटायला रोजचं गिऱ्हाईकच असायला पाहिजे असं काही नाही ना. शाळेत आपण रोज कुठे जातो आता, तरी शाळा पाडली तर वाटतंच.

---

कलम_अमुक_तमुक (२३ मार्च)

भावना बाजूला ठेवून जरा व्यवहाराचं बोलू. मी मेरवानबद्दल बोलत नाहीये, एकूण इराण्यांबद्दल बोलतोय, कारण माझं काम जुन्या बिल्डिंगींच्या कागदपत्रांत चालतं आणि अशा जागा बघितल्यात.

पहिली गोष्ट पार्टनरशिप. बऱ्याच इराण्यांकडे एक मालक कधीच नव्हता, दोन-तीन-चार पार्टनर, नात्यातले नाहीतर इराणातल्या एकाच गावचे, यझ्दकडचे वगैरे. पाळीपाळीने गल्ल्यावर बसायचे. आजोबांच्या वेळी तीन पार्टनर असतील तर नातवांच्या वेळी कागदावर पंधरा नावं होतात, त्यातली अर्धी कॅनडा-ऑस्ट्रेलियात. पहाटे चारला उठून भट्टी बघायला त्यातलं कोण येणार? मुलं शिकली, डॉक्टर-इंजिनियर झाली, त्यासाठीच तर बापाने जन्मभर गल्ला सांभाळला. मग मुलगा गल्ल्यावर बसत नाही म्हणून आपण कोणत्या तोंडाने बोलायचं.

दुसरं भाडं. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली, नंतर १९९९ चा कायदा आला (लागू ३१ मार्च २००० पासून, बघा परत ३१ मार्च) त्यात वर्षाला चार टक्के वाढ. म्हणजे जो जुना भाडेकरू आहे त्याला जागा जवळपास फुकट पडते, आणि म्हणूनच आजवर इतक्या कमी किमतीत चहा-पाव परवडला. पण त्याच जागेची आजची किंमत बघा. स्टेशनसमोर, कोपऱ्यावर, दोन्ही रस्त्यांना तोंड. तिथे बँक किंवा मोबाईलचं शोरूम आलं तर जो पैसा मिळेल तो मावा केक विकून सात जन्मांत नाही मिळणार. तेव्हा इराणी बंद कसा झाला याचं मला आश्चर्य वाटत नाही, अजून चालू आहेत याचंच वाटतं.

रीडेव्हलपमेंटमध्ये दुकानदाराला नव्या इमारतीत जागा मिळते, जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचा जो ३३(७) नियम आहे त्याखाली मिळते, नाही असं नाही. पण ती मिळते आत कुठेतरी, काचेच्या दारामागे, डोक्यावर पार्किंगचे मजले. उंच छत, चारी बाजूंनी वारा आणि रस्त्यावरून बघितलं तरी कोण बसलंय ते दिसतं, हे सगळं गेलं की मग इराण्याच्या पाटीखाली साधं हॉटेलच उरतं.

---

दुसरी_पाळी (२४ मार्च)

कोपऱ्याचा विषय निघाला म्हणून. आमचे वडील सांगायचे की कोपऱ्याची जागा आपली माणसं अशुभ मानून घ्यायची नाहीत आणि इराण्यांनी त्या पटापट उचलल्या. खरंखोटं ते जाणोत पण परळ-लालबागला नाक्यानाक्यावर इराणी होता हे मी डोळ्यांनी बघितलंय. रात्रपाळी सुटली की गिरणी कामगार आधी इराण्याकडे, मग खोलीवर, कारण खोलीवर झोपायला जागा मोकळी व्हायला वेळ असायचा ना, एकाच खोलीत पाळीपाळीने झोपायचे लोक. एक चहा घेऊन किती वेळ बसलात तरी कोणी उठवत नव्हतं. पानी कम चहा म्हणायचं, नाहीतर खडा चम्मच, म्हणजे साखर एवढी की चमचा उभा राहील. संगमरवरी टेबलावर ताटलीभर केक, खारी आणून ठेवायचे, जेवढं खाल तेवढ्याचेच पैसे. वेटर लांबूनच ओरडून गल्ल्यावर हिशोब सांगायचा, लिहून बिहून काही नाही. त्याच इराण्याकडे साबण, टूथपेस्ट, ब्लेड, सुटी सिगरेट, सगळं. भिंतीवर पाट्या, इथे केस विंचरू नका, कॅशियरशी गप्पा मारू नका.

आणि मुख्य म्हणजे जात कोणी विचारत नव्हतं. आमच्या वडिलांना गावाकडच्या हॉटेलात कप वेगळा मिळायचा, मुंबईत इराण्याने सगळ्यांसारखाच कप दिला. हे ते शेवटपर्यंत सांगायचे. तुमचं ते हेरिटेज वगैरे ठीक आहे पण मला इराणी म्हटलं की तो कप आठवतो.

गिरण्या गेल्या तसं हे गिऱ्हाईक गेलं आणि आमच्याकडचे इराणी बियर बार झाले नाहीतर शेट्टीकडे गेले. तेव्हा व्हॉट्सॅप नव्हतं म्हणून कोणाला कळलं पण नाही.

---

कडक_पाव (२४ मार्च)

+१. हा प्रतिसाद सगळ्यात भारी. मी आता गप्प बसतो.

(बसणार नाहीये.)

---

परदेशी_पाहुणी (२४ मार्च)

न्यू जर्सीत बसून हे वाचतेय आणि जाम त्रास होतोय. मावा केकची खरी रेसिपी आहे का कोणाकडे? इथे इंडियन स्टोअरमध्ये फ्रोझन मावा मिळतो, मी केला होता पण तो साध्या कपकेकसारखाच लागला, नुसता जास्त तुपकट.

---

मैदा_आणि_मी (२५ मार्च)

@परदेशी_पाहुणी, त्यांची रेसिपी मला कुठून मिळणार, पण घरी बऱ्यापैकी जमतो तो असा. फ्रोझन मावा आधी पूर्ण रूम टेंपरेचरवर आणा आणि हाताने मोकळा करा, गुठळी राहिली की ती तळाला बसते. शक्य असेल तर मिल्क पावडरचा करू नका, दूध आटवूनच करा, वेळ जातो पण फरक तिथेच आहे. बटर आणि साखर चांगली फेसून घ्या, मग मावा घालून परत फेसा, मग अंडी एकेक करून. मावा मैद्याच्या निम्म्याहून थोडा जास्त धरा. वेलची ताजी कुटा, डब्यातली पूड नको. दूध लागेल तसं, मिश्रण सैल नको, चमच्यातून धपकन पडलं पाहिजे. तुमचा तुपकट झाला म्हणजे बटर जास्त पडलं असणार, माव्यातही स्निग्ध असतंच ना, ते हिशोबात धरायचं राहतं. कागदी वाटीत लावा आणि मध्यम आचेवर वरून चांगला तपकिरी होईपर्यंत ठेवा, पांढुरका काढलात तर चव येत नाही.

बेकरीच्या भट्टीतली ती कड मात्र घरच्या ओव्हनमध्ये येत नाही, माझी तरी कधीच आली नाही.

---

सोल्डरिंगवाला (१ एप्रिल)

काल पाडव्याला दुकानाला सुट्टी होती, आज सकाळी गेलो. शटर खाली. समोर चार-पाच जण उभे राहून शटरकडे बघतायत, एक बाई पिशवी घेऊन लांबून आली होती तिला माहितच नव्हतं. आमचे टॅक्सीवाले पुढच्या टपरीवर कटिंग पीत होते. संपलं वाटतं. धागा काढणाऱ्या ताई, सासूबाईंना आणलं होतं का?

---

गल्ली_नं_शेवटची (१ एप्रिल)

नाही हो. पाडव्याला येणार होतो पण गिरगावात शोभायात्रेची गर्दी असणार म्हणून हे म्हणाले उगाच नको. नणंद आधीच जाऊन आली होती तिने दोन केक पाठवले. सासूबाईंनी एक खाल्ला आणि म्हणाल्या पूर्वीसारखा नाही राहिला. त्या हे प्रत्येक गोष्टीला म्हणतात, त्यामुळे मनावर घेऊ नका.

---

कलम_अमुक_तमुक (२ एप्रिल)

एक गंमत सांगू का, कायमचं बंद करताना माणूस आत काही काम काढत नाही. तिकडे आत काही ठोकठाक चालू आहे का हे कोणीतरी बघा.

---

सोल्डरिंगवाला (३ मे)

धागा वर काढतोय. कलमराव, तोंडात साखर पडो तुमच्या. मेरवान चालू झालाय!! दुरुस्ती झालीय आतमध्ये, मावा केक आहे, ब्रून मस्का आहे. एवढे दिवस इलेक्शनच्या गडबडीत इकडे लिहायचं राहूनच गेलं. टॅक्सीवाले आपल्या टेबलावर.

---

परदेशी_पाहुणी (३ मे)

काय सांगता!!! डिसेंबरला येतेय, विमानतळावरून थेट.

---

शंकासूर (४ मे)

म्हणजे हा सगळा पब्लिसिटी स्टंट होता का? लोकांना रडवून केक विकले?

---

कडक_पाव (४ मे)

@शंकासूर, स्टंट करायचा असता तर आधी जाहिरात केली असती. रोज सकाळी माल संपतोय त्या माणसाला पब्लिसिटी कशाला पाहिजे, अजून केक बनवायला हात कुठून आणणार तो? वय झालेली माणसं आहेत, थकली असतील, बंद करू म्हणाली असतील, मग घरातल्या कोणीतरी थांबा म्हटलं असेल. आपल्या घरात काकालोक दर दिवाळीला वाडी विकतात आणि होळीला परत आंबे मोजायला जातात, तसंच.

आणि चालू झालंय तर जा की, इथे टाइप काय करताय.

---

दुसरी_पाळी (४ मे)

कलमरावांची कारणं काही कुठे गेली नाहीत एवढं लक्षात ठेवा. आज उघडलंय ते चांगलंच आहे. मी मंगळवारी जाऊन आलो, बॉक्स घेतला नाही, बसून चहा प्यायलो.

---

गल्ली_नं_शेवटची (५ मे)

कट्टा करायचा का शनिवारी? सासूबाई येतायत, आम्ही टॅक्सीने थेट दारात उतरणार. आठला चालेल?

---

सोल्डरिंगवाला (५ मे)

आठला या, माणसं भेटतील, मावा केक नाही भेटणार. सहाची गाडी पकडा.

---

कडक_पाव (५ मे)

मी येतो. सहाला नाही, पण येतो. माझ्यासाठी दोन बाजूला काढून ठेवा.