काचपट्टी कोरी आली म्हणजे गोचीडताप नाही, असं नव्हे

दादा, संकरित गाईला १०६ ताप, खांद्यापुढची गाठ सुजलेली, आणि काचपट्टीत (काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या तपासणीत) काही दिसलं नाही म्हणून गोचीडताप नाही, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. काचपट्टीवर थायलेरिया, म्हणजे या तापाचा जंतू, दिसायला रक्तात जंतू भरपूर लागतात. सुरुवातीला ते तांबड्या पेशींत फारसे नसतातच, गाठीत असतात. गाठीतलं पाणी सुईने काढून तपासायला सांगा, ते लवकर बोलतं.

पीसीआर या प्रयोगशाळेतल्या रक्ततपासणीत जंतूचा डीएनए वाढवून ओळखतात, म्हणून थोडे जंतूही सापडतात. खरा उपयोग बऱ्या झालेल्या गाईंसाठी. बुपार्वाक्वोन या औषधाच्या इंजेक्शनने ताप उतरतो, गाय चारा खाते, पण जंतू अंगात राहू शकतात आणि गोचीड तिथूनच ते दुसरीकडे नेतात. आपल्या देवणी, लाल कंधारीला हा आजार सहसा सौम्य जातो, पण त्याही वाहक, म्हणजे आजारी न दिसता जंतू बाळगणाऱ्या, असू शकतात. गोठ्यात जर्सी-होल्स्टीन शेजारी बांधली असेल तर हे फार महत्त्वाचं. मात्र नुसता पीसीआर पॉझिटिव्ह म्हणून ठणठणीत जनावराला इंजेक्शन टोचू नका.

रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत, बर्फाच्या डब्यात पाठवा. परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी फोन करून विचारा. औषध सुरू करण्याआधीच रक्त घ्या, पण अहवालासाठी उपचार अडवू नका.