केवळ कानाने ओळखलेल्या गायकाचे नाव जुन्या ध्वनिमुद्रणाच्या नोंदीत लिहावे काय? (टोपणनावांनी केलेली चर्चा)

नोंदवही

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायनेल मेपलसन यांनी १९०१ ते १९०३ या काळात, प्रत्यक्ष प्रयोग चालू असताना, मेणाच्या नळकांड्यांवर सुमारे दोन-दोन मिनिटांचे तुकडे मुद्रित केले. आरंभी त्यांचे यंत्र रंगमंचाच्या पुढल्या कडेला, गायकांना शब्द सुचवणारा प्रॉम्प्टर बसतो त्या खोक्यात होते. नंतर ते मंचाच्या वरच्या माळ्यावर गेले, त्यामुळे आवाज आणखी दुरून येऊ लागला. अशी शंभराहून अधिक नळकांडी टिकली आहेत. त्यांतील काहींवर पोलिश तेनोर (उंच पट्टीचा पुरुष गायक) झां द रेश्के गातो असे आपण सारे मानतो.

माझा प्रश्न असा, की कशावरून मानतो? रेश्के १९०१ मध्ये मेट्रोपॉलिटन सोडून गेला आणि त्याच्या आवाजाची दुसरी कोणतीही निर्विवाद ध्वनिमुद्रिका उरलेली नाही. तुलनेला नमुनाच नसताना ‘हा त्याचाच आवाज’ असे कोणताही कान म्हणू शकत नाही. मेपलसन यांची टिपणे आणि त्या रात्रीची पात्रयोजना यांवरूनच आपण त्याला ओळखतो. म्हणून माझे मत असे आहे, की लेखी पुरावा असेल तरच नाव लिहावे आणि नसेल तेथे ‘अज्ञात तेनोर’ एवढेच लिहून थांबावे.

स्वरपारखी

मला हे मान्य नाही, कारण कागद खोटे बोलतो याची उदाहरणे याच क्षेत्रात ढिगाने आहेत. एडवर्ड जे. स्मिथ यांनी १९५६ पासून ‘गोल्डन एज ऑफ ऑपेरा’ या नावाने प्रयोगांच्या व रेडिओ प्रक्षेपणांच्या ज्या खासगी तबकड्या काढल्या, त्यांच्यावरील तारखा, ठिकाणे आणि काही वेळा गायकांची नावेसुद्धा चुकीची होती. त्या चुका पुढे संग्राहकांनी दुरुस्त केल्या, त्या आधी कानाला शंका आली म्हणूनच.

त्याहून ठळक उदाहरण जर्मन संगीतकार वाग्नरच्या ‘रिंग’ या ऑपेरा-मालिकेचे आहे. जर्मनीतील १९५३ च्या बायरॉइट महोत्सवातील प्रयोग अमेरिकेत ‘ड्रेस्डेन स्टेट ऑपेरा, वाद्यवृंद-संचालक फ्रिट्झ श्रायबर’ अशा बनावट नावांनी विकले गेले. त्या वर्षी तेथे झीगलिंडेची भूमिका गाणाऱ्या रेजिना रेझनिक यांनी तबकडीवर स्वतःचाच आवाज ओळखला. तुमचा नियम तेव्हा लागू असता, तर नसलेला श्रायबर नोंदीत राहिला असता आणि गाणारी बाई बाहेर!

नोंदवही

रेझनिक यांची साक्ष मी श्रोत्याचे अनुमान मानत नाही. त्या रात्री आपण कोठे श्वास घेतला हे ज्या व्यक्तीला ठाऊक आहे, तिचे सांगणे आणि पन्नास वर्षांनंतर घरी बसून ऐकणाऱ्याचे सांगणे यांचे वजन सारखे धरता येत नाही.

फिरकी १६०

मी जुनी मुद्रणे दुरुस्त करतो, त्यामुळे या वादात आधी वेगाबद्दल बोलायला हवे असे मला वाटते. नळकांड्याचा मिनिटाला १६० फेऱ्यांचा वेग पुढे रूढ झाला. त्याआधीच्या मुद्रणांत तो वेगवेगळा सापडतो. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो. केवळ सूर चढत नाही, तर आवाजाचा पोतही बदलतो, स्वरवर्ण आखूड आणि उजळ होतात, आणि भारदस्त गळा कोवळा वाटू लागतो. ज्या गुणांवरून आपण गायक ओळखतो, नेमके तेच गुण वेगाबरोबर सरकतात.

मूळ स्वरलिपीवरून वेग ठरवावा, असे कोणी म्हणेल. पण ‘इल त्रोवातोरे’ या ऑपेरातील ‘दी क्वेला पीरा’ हे गाणे कित्येक तेनोर अर्धा किंवा पूर्ण स्वर खाली उतरवून गात आले आहेत. तेव्हा तोही आधार पक्का नाही. नंतरच्या विद्युत मुद्रणांत विजेच्या प्रवाहाची गुणगुण सापडते, अमेरिकेत ६० आणि युरोपात ५० आवर्तनांची, आणि तिच्यावरून वेग बांधता येतो. मेपलसन यांच्या कर्ण्यातून आलेल्या मेणावर ती सोय नाही.

स्वरपारखी

वेगाचा मुद्दा मी मान्य करतो, मात्र त्याने माझे म्हणणे पुसले जात नाही. जाणकार केवळ पोत ऐकत नाही. स्वर थेट लागतो की खालून घासत येतो, मधल्या पट्टीतून वर जाताना गळा कोठे वळतो, फ्रेंच शब्द इटालियन तोंडाने उच्चारला आहे काय, श्वास वाक्याच्या कोणत्या शब्दावर तुटतो, या सवयी वेग थोडा हलला तरी टिकून राहतात. गायिका नेली मेल्बा मेपलसन यांच्या नळकांड्यांवर आहे आणि तिने १९०४ पासून ग्रामोफोनसाठीही गायिले. दोन्ही शेजारी ठेवून ऐकले म्हणजे कान काय करू शकतो ते कळते. रेश्केच्या बाबतीत नमुना नाही हे खरेच, पण एका नमुनाहीन गायकावरून सर्वांसाठी नियम बांधणे मला अन्यायाचे वाटते.

जुनी फीत

हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्यांना हा पेच नवा नाही. १९०२ च्या तबकडीवर गौहर जान शेवटी स्वतःचे नाव पुकारते, कारण जर्मनीतील हानोफरच्या कारखान्यात तबकडी कोणाची हे त्यावरून समजत असे. खासगी मैफलींच्या फितींना मात्र तेवढाही आधार नसतो. माझ्याकडे आलेल्या एका फितीच्या वेष्टनावर एका थोर गवयाचे नाव होते. आम्ही चौघांनी ते नाव वाचून मग गाणे ऐकले आणि चौघांनाही त्याचीच तान ऐकू आली. दोन महिन्यांनी फितीच्या दुसऱ्या बाजूला निवेदन सापडले, त्यात गायक म्हणून त्याच्या शिष्याचे नाव होते. तेव्हापासून नाव झाकून ऐकल्याशिवाय मी कोणाच्याही ओळखीवर विश्वास ठेवत नाही, माझ्या स्वतःच्याही.

नोंदवही

ही गोष्ट वाचून मी माझे विधान थोडे बदलतो. कागदावरचे नाव चुकीचे आहे, एवढे सांगण्याचा अधिकार कानाला आहे. त्या जागी दुसरे नाव बसवायचे असेल, तर निदान दोन स्वतंत्र ऐकणारे हवेत, त्यांना नाव न सांगता ऐकवलेले असावे, आणि ते नाव त्या हंगामाच्या पात्रयोजनेत असायला हवे.

स्वरपारखी

पात्रयोजनेची अट मला अजूनही खटकते, कारण ऐन वेळी आजारी पडलेल्या गायकाच्या जागी उभा राहिलेला माणूस छापील पत्रकात नसतोच. असा बदली गायक आपण कायमचा गमावणार काय?

फिरकी १६०

त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील परीक्षण पाहावे. बदल झाला असेल तर तेथे बहुधा उल्लेख सापडतो. आणि नाव कोणीही सुचवो, आपण कोणत्या वेगाने ऐकले आणि तो कशावरून ठरवला हे नोंदीत आधी लिहिलेले असावे, एवढा माझा आग्रह आहे.