मदत हवी आहे: बोटीचं इंजिन १८०० च्या वर गेलं की तापतं, मागून पांढरी वाफ

नमस्कार मंडळी,

तारकर्लीला आमची २६ फुटी फायबरची बोट आहे, पर्यटकांना कर्लीच्या खाडीत फिरवतो. आजूबाजूला सगळ्यांकडे आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावलेलं इंजिन), त्यामुळे इनबोर्डचं, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाचं, दुखणं सांगायचं कुणाला? मशीन तीन सिलिंडरचं जुनं डिझेल, दोन वर्षांपूर्वी बोटीसकट घेतलेलं. आतला कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) वेगळा फिरतो. खारं पाणी पंपाने ओढलं जातं, हीट एक्स्चेंजरमधून (नळ्यांचा डबा, तिथे कूलंट गार होतो) जातं आणि शेवटी एक्झॉस्टच्या एल्बोत (वाकड्या जोड-पाइपात) धुरात मिसळून मागून बाहेर पडतं.

पावसाळाभर बोट शाकारून ठेवली होती. पाण्यात उतरवल्यापासून हे सुरू झालंय. आयडलिंगला तापमानाचा काटा ८० अंशांवर शांत. १८०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर नेलं की दहा मिनिटांत ९५. रेस कमी केली की आपोआप खाली. मागच्या पाइपातून पूर्वी भसाभस पाणी पडायचं, आता कसंनुसं पडतं आणि सोबत पांढरी वाफ. कूलंट कमी होत नाही, ऑइलही स्वच्छ आहे.

आतापर्यंत पंपाचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चाक, बदलला (जुन्याच्या सहा पात्यांपैकी तीन तुटली होती). पाणी जरा वाढलं, पण तापायचं थांबलं नाही. थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप) गरम पाण्यात टाकून पाहिला, उघडतो. गाळणीत शेवाळ आणि प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा निघाला.

एक मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढून फेक. दुसरा म्हणतो खाऱ्या पाण्याच्या लाइनीत संडासाचं ॲसिड फिरव. दोन्हीला मन धजत नाही. दिवाळीची गर्दी तोंडावर आहे, काय करू?

नटबोल्ट: दोन्ही करू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला तर बराच कूलंट एक्स्चेंजरला न जाता तसाच इंजिनात फिरतो, म्हणजे उलट जास्त तापेल. आणि संडासाचं ॲसिड ॲल्युमिनियम खातं. खातं म्हणजे अक्षरशः.

आधी अडथळा कुठे आहे ते शोधा. एल्बोत शिरणारा खाऱ्या पाण्याचा पाइप सोडवा, त्याचं तोंड बादलीत धरा आणि इंजिन अगदी थोडा वेळ चालवा. एल्बोला पाणी मिळत नसताना लांबवलंत तर मागची रबरी नळी जळेल. बादलीत धार जोरात आली तर एल्बो चोंदलाय. तिथेही बारीक आली तर दोष अलीकडे: एक्स्चेंजर, पंप, नाहीतर ओढणारी नळी. जुनी नळी कधीकधी वरच्या रेसला आतल्या आत चिंबते आणि आयडलिंगला ठीक दिसते, तेही हाताने दाबून बघा.

दर्यावर्दी: इंपेलर बदललंस ता बरा केलंस. पण तीन पाती तुटली म्हणतंस, मगे ती गेली खंय? पुढच्या पायपात नायतर एक्स्चेंजराच्या तोंडार अडकली असतली. आधी ती मोजून घे, मगे बाकीचा बघ.

नटबोल्ट: दर्यावर्दींना +१. माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

धागाकर्ता: काल बसलो. बादलीतली धार बारीकच आली, म्हणून एक्स्चेंजरची दोन्ही टोकाची झाकणं उघडली. दोन पाती नळ्यांच्या तोंडावर चिकटून बसली होती! झिंकच्या कांडीचा (बाकी धातू गंजू नये म्हणून आधी स्वतः झिजणारी) नुसता पितळी बूच उरलाय, झिंक सगळं गेलं. निम्म्या नळ्या पांढऱ्या खरपाने भरल्यात. मग एल्बोही काढलाच. मीठ आणि काजळीने आतलं भोक पेन्सिलीएवढं झालंय.

खाडीकाठ: नळ्यांत लोखंडी सळई घालू नका. नारळाच्या झापाचा हीर काढा, तो बरोबर जातो आणि ओरखडत नाही. झाकणांना नवे ओ-रिंग लावा. झिंक निम्मं झिजलं की बदलायचं, संपायची वाट बघायची नाही. एल्बो ठोकून साफ करताना जोडावर पातळ झाला असेल तर नवाच घ्या. तिथून धूर केबिनमध्ये गळला तर त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

अवांतर सांगतो, इंजिन लागत नसताना स्टार्टर पुन्हापुन्हा मारायची वेळ आली तर खाऱ्या पाण्याचा कॉक बंद ठेवा आणि लागल्या क्षणी उघडा. नाहीतर पंप सायलेन्सर भरत राहतो, धूर नसल्याने पाणी बाहेर पडत नाही आणि ते मागे फिरून सिलिंडरात शिरतं. आमचं एक इंजिन असंच गेलं.

धागाकर्ता: धन्यवाद. हीर घरच्याच माडाचे. वेल्डिंगवाला जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपचा एल्बो करून देतो म्हणतो, चालेल?

नटबोल्ट: चार ट्रिपा भागवायला चालेल. गरम धूर आणि खारं पाणी एकत्र आलं की जस्ताचा थर टिकत नाही, वेल्डच्या जागी आधी सडतो. मूळ कास्ट पार्ट मागवून ठेवा. आणि पुढच्या पावसाळ्याआधी लाइनीतून गोडं पाणी फिरवा, इंपेलर काढून ठेवा. महिनोन्‌महिने एकाच बाजूला दबून पाती वाकतात आणि पहिल्याच फेरीत तुटतात.

दर्यावर्दी: दोन पाती गावली. तिसरा?

धागाकर्ता: तिसरं पातं आज मिळालं, पंपाच्या पुढच्याच वळणात होतं, दोन तुकड्यांत. सगळं जोडून देवबागपर्यंत जाऊन आलो. २२०० ला अर्धा तास, काटा ८२. मागून पाणी पुन्हा भसाभस.

दर्यावर्दी: आता झाला.