धाकट्या वहिनीचं बाळ मोठीला दत्तक: काय काळजी घ्यावी?

अबोली: धाकट्या वहिनीला सातवा महिना आहे. तिला आधीचा एक मुलगा आहे, मोठीला मूल नाही. हे बाळ मोठीला द्यायचं असं घरात ठरलंय. आई म्हणते, दवाखान्यात थेट मोठीचंच नाव लावा, पुढची कटकट नको. हे चालेल का? धाकटी हल्ली गप्प गप्प असते.

जुना_वकील: दवाखान्यात खोटं नाव अजिबात नको. तो गुन्हा आहे, आणि त्याने दत्तक होतही नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत जन्मदात्या आईच्याच नावाने करा. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्यात बाळ प्रत्यक्ष द्यावं-घ्यावं लागतं. दत्तहोम, म्हणजे दत्तकाचा धार्मिक विधी, सक्तीचा नाही. दोन्ही बाजूंच्या सह्यांचं दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत कोर्ट दत्तक वैध धरतं. धाकटीची संमती नसेल तर विषय तिथेच संपला. आणि एकदा वैध दत्तक झालं की कलम १५नुसार मोडता येत नाही. बदल्यात पैसे, दागिने, जमीन काही नको, कलम १७ आड येतं.

सुईण_ताई: पोटात असताना दिलेला शब्द कुणावर बंधनकारक नाही, हे सासूबाईंसमोर एकदा स्पष्ट बोला. बाल न्याय कायद्यात मूल सोपवणाऱ्या पालकांना फेरविचाराला दोन महिने मिळतात. घरगुती दत्तकात ती सोय नाही, म्हणून तेवढे दिवस आपणच थांबायचं, सह्या नंतर.

बाळ कुणाच्याही कुशीत असो, साधारण तिसऱ्या दिवशी दूध उतरतंच. छाती करकचून बांधू नका, गाठी होतात, ताप येतो. दुखणं कमी होईल इतकंच पिळावं. अंगावर पाजायचं की नाही हे धाकटीने ठरवावं, बाकीच्यांनी नाही. रडू, झोप उडणं दोन आठवड्यांपुढे टिकलं तर डॉक्टरांना दाखवा; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ फुकट आहे. जिवाचं बरंवाईट करायचे विचार बोलून दाखवले तर एक दिवसही थांबू नका.

शेजारीण: मोठीचंही बघा. एकाच घरात बाळ रात्री रडलं की दोघी धावतात, आणि सकाळी अबोला. रात्री कोण उठणार, बारशाला मांडीवर कोण घेणार, हे आधीच ठरवा. धाकटीला बळेच माहेरी धाडू नका, शिक्षा वाटते.

सुईण_ताई: आणि धाकटीच्या थोरल्या मुलाला कुणीतरी सांगा, नाहीतर तो विचारत राहील, ‘मलाही काकूला देणार का?’